आधी माणूस, मग कॅमेरा

आहेराच्या वहीत पाहुण्याचं नाव, गाव आणि आकडा एवढीच त्रोटक, पण अत्यंत विश्वासार्ह माहिती असते. हल्ली पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, त्यामुळे आकडा गेला आणि वहीत नाव घालायला कुणाला कारणच उरलं नाही. ही पोकळी आता फोटोंच्या वहीने भरली आहे. पाहुण्याने झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, बाहेर आलेला फोटो वहीत चिकटवायचा आणि शेजारी दोन ओळी लिहायच्या. ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे, त्यांनी पुढील सूचना आचारी ठरवण्याइतक्याच गांभीर्याने घ्याव्यात.

दुकानात जाण्यापूर्वी स्वतःची लग्नपत्रिका काढून निमंत्रकांची नावं मोजा. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत दोन मैत्रिणी गालाला गाल लावून उभ्या असतात. आपल्याकडे चिंचवडचे काका फोटोला उभे राहिले की काकू, दोन सुना, त्यांची मुलं आणि ‘अगं तूही ये की’ म्हणून ओढलेली शेजारीण, असा घोळका जमतो. इन्स्टॅक्स या झटपट कॅमेऱ्याचे मिनी, स्क्वेअर आणि वाइड असे प्रकार येतात. मिनीच्या फोटोत चित्राची जागा ४६ बाय ६२ मिलिमीटर. त्यात नवरा-बायको मावतात, कडेवरचं मूलही मावतं. अकरा जण कोंबले की एकेक चेहरा मसुरीएवढा येतो आणि ‘ही कोण?’ यावरून पुढली वीस वर्षं वाद चालतो. वाइडमध्ये हीच जागा ६२ बाय ९९ असते. तेव्हा निमंत्रक दोन ओळींत संपत असतील तर मिनी घ्यावा, ‘समस्त परिवार’ असं छापलं असेल तर वाइडला पर्याय नाही. स्क्वेअर नवऱ्यामुलाच्या ऑफिसातल्या मित्रांसाठी ठीक आहे, ते तसेही चौघांच्या वर एकत्र येत नाहीत. एकाची फिल्म दुसऱ्यात बसत नाही, हे खरेदीला जाणाऱ्या भाच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.

‘खरा तो पोलरॉइडच’ असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक घरात असतो. त्याचं म्हणणं आदराने ऐकावं. पोलरॉइडचा फोटो मोठा, रंगांना जुनी गोडी आणि मागे इतिहास. १९४३ साली सुट्टीत फोटो काढल्यावर पोलरॉइडचे जनक एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, की तो आत्ताच का बघता येत नाही. लँड कामाला लागले आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बॉस्टनच्या एका दुकानात पहिला पोलरॉइड विक्रीला आला. म्हणजे पोरीने पाच वर्षं वाट पाहिली. आपले पाहुणे पाच मिनिटं थांबत नाहीत, आणि पोलरॉइडचा रंगीत फोटो पूर्ण उमटायला आजही दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोवर घोळका जेवायला गेलेला असतो आणि सही करायला वहीपाशी कुणी नसतं. शिवाय पाकिटात फोटो आठच. कंपनी म्हणते, फिल्म १३ ते २८ अंशांत वापरा, त्याहून गरम हवेत फोटोवर पिवळी-तांबडी झाक येते. नागपुरात मे महिन्यात लग्न असेल तर अख्ख्या वऱ्हाडाला हळद लागलेली दिसेल. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंश सोसतो, पण नागपूरकरांना त्यानेही दिलासा नाही. फिल्म वधूच्या एसी खोलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलीत तर श्रीखंडाशेजारून काढल्या काढल्या वापरू नका, हवेच्या तापमानाला येऊ द्या.

इन्स्टॅक्सचा फोटो दीडेक मिनिटात उमटतो, आणि माझ्या मते त्याच्या बाजूचा हाच निर्णायक मुद्दा आहे. पेन हातात घेऊन, चष्मा शोधून, ‘काय लिहू?’ असं बायकोला विचारून ‘नांदा सौख्यभरे’ लिहायला बरोबर तेवढाच वेळ लागतो. (सगळेच ‘नांदा सौख्यभरे’ लिहितात. टेबलावर ‘वधूवरांचं पहिलं भांडण कशावरून होईल?’ अशी पाटी ठेवा, वही वाचनीय होईल.)

हिशेबाचं बघू. अडीचशे माणसं म्हणजे घोळके धरून सव्वाशे फोटो. डोळे मिटलेले, भिंगावर बोट आलेले आणि ‘मी आलेच नाही यात’वाले मिळून आणखी पंचवीस. मिनीच्या पाकिटात दहा फोटो असतात, तेव्हा पंधरा पाकिटं लागतील. एका फोटोला पन्नासेक रुपये धरा, वाइडला त्याहून जास्त. हा आकडा वरपित्याला एकदम सांगू नये, ताटाचा दर सांगून झाल्यावर सांगावा. तेव्हा तो लहान वाटतो.

आता मुख्य विषय. कॅमेरा कोणताही घ्या, तो कोणाच्या हाती देता यावर वहीचं भवितव्य आहे. मामांना देऊ नका, मुहूर्ताच्या वेळी ते वधूला घेऊन अंतरपाटापाशी असतात आणि नंतर पाणावलेल्या डोळ्यांनी नेम धरतात. करवलीच्या हातात आधीच करा असतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा आतेभाऊ हौसेने पुढे येईल. त्याला कॅमेरा उत्तम कळतो, फक्त अर्धं पाकीट मुलाकडच्या एकाच मुलीवर संपतं आणि शेजारच्या दोन ओळीही तोच लिहितो.

योग्य माणूस म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले कॅशिअर काका. कॅमेऱ्यावरचा आकडा दहावरून उलटा उतरत जातो, ही व्यवस्था जणू त्यांच्यासाठीच केली आहे. ते खुर्ची टाकून बसतात, फिल्मची पिशवी मांडीवर. घोळका आला की आधी माणसं मोजतात. ‘सात? वाइड. तुम्ही दोघंच? मिनी. मुलगा कुठंय? जेवतोय? मग जेवून या सगळे.’ फुकट दाबलं जाणारं एकही बटण त्यांच्या नजरेतून सुटत नाही. फ्लॅश दोन मीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही, हे एकदा सांगितलं की ते जमिनीवर खडूने रेघ मारतात. नवीन पाकीट घातल्यावर पहिल्यांदा काळं आवरण बाहेर येतं, फोटो नव्हे, एवढं मात्र त्यांना आधी समजावा, नाहीतर एक फोटो कमी भरला म्हणून ते दुकानदाराला फोन लावतील.

काकांना तीन अधिकार लेखी द्यावेत. एक, फोटो हलवणाऱ्याचा हात धरणे. फोटो हलवून वाळवायची सवय जुन्या, वरचा कागद सोलायच्या फिल्मची. १९७२च्या एसएक्स-७० पासून सगळी रसायनं फोटोच्या आतच बंद असतात, त्याला वाऱ्याची गरज नाही. दोन, ‘आत काय असतं बघू’ म्हणून मागचं झाकण उघडू पाहणाऱ्याला दूर सारणे. झाकण उघडलं की उरलेल्या फिल्मवर उजेड पडतो आणि त्यानंतरचे पाहुणे पांढरेफटक येतात. झाकणावर चिकटपट्टी लावलेली बरी. तीन, मंगलाष्टकं सुरू असताना कॅमेरा पिशवीत ठेवणे, कारण फोटो बाहेर येण्याची फट आणि अक्षतेचा दाणा यांची मापं जुळतात. सेल नवे, अल्कलाइन घ्या. भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातलेत तर दोन्ही बंद पडतील.

चिकटवायला फेव्हिकॉल नको, दुहेरी चिकटपट्टी घ्या. पेन परमनंट मार्कर असावं. साध्या जेल पेनाची शाई त्या गुळगुळीत पांढऱ्या पट्टीवर वाळत नाही आणि आत्यांचा आशीर्वाद त्यांच्याच पैठणीच्या काठाला लागतो.

राहता राहिला विहीणबाईंचा प्रश्न: ‘आम्हाला एक कॉपी?’ यात निगेटिव्ह नसते, एक फोटो म्हणजे एकच. मुलीकडची एक आणि मुलाकडची एक अशा दोन वह्या ठेवल्या तर खर्च दुप्पट होतो आणि दोन्हीकडच्या फोटोंची मोजदादही होते. मोबाइलवरून छापणारा छोटा प्रिंटर घेतला की हव्या तेवढ्या प्रती निघतात. पण तो ज्या फोनला जोडाल तो काकांचा नसावा. त्यांनी चुकून भलताच फोटो निवडला, तर वहीच्या पहिल्या पानावर गुलाब आणि शुभ सकाळ येईल.

शेवटचं पाकीट फोडू नका, ते थोरल्या जावयांसाठी असतं. त्यांना पहिला फोटो आवडत नाही, दुसऱ्यात त्यांचं पोट दिसतं. तिसरा निघेल तो वहीत लावा, आधीचे दोन त्यांनी एव्हाना खिशात घातलेले असतात.