कधी ते विचारू नका

सगळं करून झालेला एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. तुम्ही म्हणावं, "रविवारी हरिश्चंद्रगडाला चाललोय." तो म्हणणार, "केलाय." तुम्ही म्हणावं, "गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय." तो म्हणणार, "झालंय आमच्याकडे. दोन्ही." केदारनाथ, शेअर बाजार, मूतखडा, मोड आलेल्या मेथ्या, जगात असं काही उरलेलंच नाही जे त्याचं करून झालेलं नाही. हा माणूस खोटारडा असतो असं मात्र नाही. तो फक्त एक काळजी घेतो. कधी केलं, ते सांगत नाही.

आमच्या क्लासातला हा माणूस म्हणजे पर्फेक्ट काका.

क्लास कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरच्या एसटी डेपोपासून पाच मिनिटांवर. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. संध्याकाळी सातच्या बॅचला फळ्यावरून खडू उडतो आणि खिडकीतून पीठ येतं, त्यामुळे इंग्रजीचे बारा काळ मी आजवर शिंकतच शिकवत आले. बॅच नेहमीसारखी पंचमेळ. आखातात जायच्या तयारीतली एक नर्स, घरोघरी पार्सलं पोचवणारा एक मुलगा, साबुदाणा भिजवून आलेल्या दोन गृहिणी आणि बीकेसीत मुलाखत असलेली एक तरुणी. बांद्रा-कुर्ला संकुलाच्या नावात कुर्ला आहे खरा, पण तिथे नोकरी लागली की माणूस नुसतं 'बीकेसी' म्हणतो आणि कुर्ल्याचा फक्त 'के' उरतो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत सकाळी जी गर्दी दिसते, ती सगळी या 'के'कडून त्या 'बी'कडे निघालेली असते. त्या प्रवासाचं अर्धं भाडं इंग्रजीत द्यावं लागतं, म्हणून आमचा क्लास चालतो.

या सगळ्यांत काका एकटेच असे, ज्यांना कुठेही जायचं नव्हतं. वय 67. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं पद्मिनी गाड्यांची दारं बसवण्यात घालवली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तो विषय निघाल्यावर काका म्हणाले होते, "आम्ही सगळ्या मुंबईला बसवलंय." यात अतिशयोक्ती आहे, पण चूक शोधायला गेलात तर सापडत नाही. हीच काकांची खासियत.

ते क्लासला का आले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दबक्या आवाजात सांगितलं. मुलगा ऑकलंडला, नातू नऊ वर्षांचा. त्याला मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. एका रविवारी नातवाने विचारलं, "आजोबा, हॅव यू एव्हर डन अ बंजी जंप?" काकांना त्यातलं 'आजोबा' आणि 'हॅव यू' एवढं समजलं. नातवासमोर अडखळायचं नाही म्हणून ते म्हणाले, "येस, येस. आय हॅव."

पलीकडे नातू आनंदाने किंचाळला. त्याने आईला हाक मारली, बापाला हाक मारली. मुलगा स्क्रीनवर आला आणि नुसताच बघत राहिला.

"मॅडम," काका मला म्हणाले, "मी नेमकं काय कबूल केलंय, तेवढं समजून घ्यायला आलोय."

आता न्यूझीलंडमध्ये बंजी म्हणजे काय, हे काकांना कोण सांगणार? आपल्या लहानपणी जशा सूरपारंब्या, तसं ते तिथे घरचं आहे. पायाला दोर बांधून उंचावरून उडी घेण्याची मूळ रीत वानुआतूतल्या पेंटेकोस्ट बेटावरची. तिथले पुरुष घोट्याला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उड्या मारतात. पुढे वेलीच्या जागी रबर आलं, न्यूझीलंडच्या लोकांनी 1988 साली क्वीन्सटाउनजवळच्या कावाराऊ पुलावर 43 मीटर उंचीवरून तिकीट लावून उड्या सुरू केल्या, आणि देशाचं नाव केलं. क्लासच्या पुस्तकात नेमकं त्याचंच चित्र होतं. पाय वर, डोकं खाली, हात पसरलेले, तोंड उघडं. काकांनी चित्र बघितलं, मग पुस्तक उलटं धरून बघितलं. उलटं धरल्यावर तो माणूस सरळ उभा दिसतो आणि जरा बरं वाटतं.

परदेशी पुस्तकांत हा धडा हमखास असतो. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट पर्फेक्ट आला की पाठोपाठ पॅराग्लायडिंग, राफ्टिंग, रॅपलिंग, स्कूबा डायव्हिंग येतंच. त्याला कारण आहे. हा काळ माणसाचा अनुभव विचारतो. आयुष्यात कधीतरी केलंयत का, एवढाच त्याचा प्रश्न. आणि "तुम्ही कधी चहा प्यायलायत का?" असं विचारण्यात काही गंमत नाही, म्हणून पुस्तकवाले माणसाला कड्यावरून लटकवतात.

मी नियम फळ्यावर लिहिला. आपल्याकडे "मी कालच आलोय" हे शुद्ध मराठी. 'आलोय' पण आहे आणि 'काल' पण आहे, दोघांचं भांडण नाही. इंग्रजीत ते एका घरात नांदत नाहीत. "आय हॅव कम यस्टर्डे" ही आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची चूक, आणि ती इंग्रजी कच्चं म्हणून होत नाही, मराठी पक्कं म्हणून होते. काल, परवा, गेल्या वर्षी, 2010 साली असं काही आलं, की 'हॅव' काढायचं आणि साध्या भूतकाळात उतरायचं.

काकांनी हात वर केला. "म्हणजे मॅडम, या काळात तारीख सांगायची नाही?"

"सांगितली की चूक."

"कोणी विचारली तरी?"

"विचारली तर काळ बदलावा लागतो."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. साठ वर्षं ज्या सोयीच्या शोधात होते, ती साहेबाने व्याकरणात बसवून ठेवलेली त्यांना त्या दिवशी सापडली.

तिथून पुढे काका सुटले. "आय हॅव बीन टू कोलाड." कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, धरणाचं पाणी सकाळी सोडतात तेव्हा. काका कोलाडला गेलेले होतेच. गणपतीला गावी जाताना एसटी तिथे चहाला थांबते. "आय हॅव सीन ड्यूक्स नोज." खंडाळ्याच्या नागफणीवरून लोक दोर टाकून उतरतात, काकांनी ती डेक्कन क्वीनच्या खिडकीतून पाहिलेली. "वी हॅव डन पॅरासेलिंग." इथे 'आय'चा 'वी' का झाला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. "वी हॅव ब्रॉट इलेक्ट्रिक ट्रेन." देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्यालाच आली, हे बरोबर. काकांचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झाला, हेही बरोबर. पण वाक्यात तारीखच नाही म्हटल्यावर मी लाल पेन कुठे चालवणार? 'पर्फेक्ट काका' हे नाव त्यांना पार्सलवाल्या मुलाने ठेवलं, आणि काकांनी ते पदवी समजून स्वीकारलं.

बाकीच्यांचे हाल वेगळेच होते. बीकेसीवाल्या मुलीने "शी हॅव ईटन मँगोज" असं लिहिलं. मी विचारलं, 'शी'ला 'हॅव' कसं? म्हणाली, "आंबे खाल्ले आहेत ना मॅडम, आहे नाही." आपलं क्रियापद आंब्यांकडे बघतं आणि इंग्रजीतलं खाणारीकडे. याच्याइतकं चांगलं उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकात मिळालेलं नाही. मार्क मात्र कापावा लागला. जोड्यांच्या सरावात "हॅव यू एव्हर स्लेप्ट इन अ टेंट?" ला एका गृहिणीने "येस, इन मॅरेज मांडव" म्हटलं. "हॅव यू एव्हर क्लाइम्ब्ड अ माउंटन?" ला दुसरीने सप्तशृंगीच्या पायऱ्या मोजून सांगायला घेतल्या. नर्स मात्र सगळ्याला "नो, नेव्हर" म्हणत गेली. रात्रपाळी करून आलेल्या बाईला झिपलाइनवरून कोणी दरीपलीकडे नेलं, तर ती तिथेच झोपेल.

मग 'गॉन' आणि 'बीन'चा दिवस आला. "ही हॅज गॉन टू मुलुंड" म्हणजे मुलुंडला गेलाय, अजून तिकडेच आहे. "ही हॅज बीन टू मुलुंड" म्हणजे जाऊन आलाय. मराठी माणसाला हे लगेच पटतं. घरातून निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणणारी माणसं आपण. 'बीन'ची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

एकच अडचण होती. "हॅव यू एव्हर?" च्या मागून "व्हेन?" विचारायचं, हा मी सरावाचा नियम केला होता. त्याशिवाय साधा भूतकाळ बाहेर येत नाही. सहा आठवडे काकांना सगळ्यांनी "व्हेन?" विचारलं आणि सहा आठवडे काका म्हणाले, "मेनी टाइम्स." याला काय करणार? "आय हॅव डन इट मेनी टाइम्स" हे वाक्य व्याकरणाच्या कुठल्याही चाळणीतून खाली पडत नाही.

बॅचच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं, अशी आमची पद्धत आहे. काकांबरोबर काकू आल्या. माहेर मालवणचं, हातात खाज्याचा डबा. बसल्या त्या थेट पहिल्या बाकावर. पार्सलवाल्या मुलाला कोणाचीतरी मुलाखत घ्यायचीच होती. त्याने विचारलं, "काकू, हॅव यू एव्हर डन एनी अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट?" आणि मग कीव येऊन मराठीत समजावलं.

"ते बोटीमागे छत्रीला बांधून वर सोडतात, तसलं? केलंय की," काकू म्हणाल्या.

"व्हेन?"

"2017 च्या मे महिन्यात. भाचीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मालवणला. गुरुवार होता, माझा उपास. पावसाळ्यात ते बंद करतात, म्हणून म्हटलं आत्ताच जाऊन येऊ. पट्टे आवळले, बोट सुटली, दोर ताणला की पाय आपोआप सुटतात जमिनीवरून. घाबरायला वेळच मिळत नाही. वरून सिंधुदुर्ग दिसला. तट कसा, करंजीच्या मुरडीसारखा. लहानपणापासून बघितलेला किल्ला, पण वरून पहिल्यांदाच."

वर्गात कोणी बोलेना. खालची गिरणीही नेमकी तेव्हाच थांबलेली.

"आणि काका?" मुलाने विचारलं.

"हे किनाऱ्यावर. माझी पर्स, चपला आणि चष्मा धरून."

सगळा वर्ग काकांकडे वळला. 'वी हॅव डन'मधला तो 'वी' आता प्रत्येकाला ऐकू येत होता. मला काकांची दया आली, पण शेवटचा दिवस होता आणि नियम तो नियम. मी म्हटलं, "काका, काकूंनी सांगितलं ते इंग्रजीत सांगा."

काका उभे राहिले. "शी हॅज डन…" म्हणाले आणि थांबले. बोटाने हवेत काहीतरी खोडलं. "नो. शी वेंट पॅरासेलिंग इन मे 2017." 'डन' नाही, 'वेंट', आणि 'हॅज'ही नाही. मी टाळी वाजवायला हात उचलला, पण ते बसले नाहीत. वहीच्या मागच्या पानावर क्रियापदांची रूपं उतरवलेली असतात, तिथे त्यांनी बोट फिरवलं. होल्ड, हेल्ड, हेल्ड.

"अँड आय हेल्ड हर पर्स."

काकांचं हे क्लासातलं पहिलं तारीखवार वाक्य. एकही चूक नव्हती. मी त्यांना दहापैकी दहा दिले. खाज्याचा पहिला तुकडा काकूंनी त्यांनाच दिला, तो मार्कांसाठी की पर्ससाठी, ते कळलं नाही.

निघताना काका जिन्यात थांबले. "मॅडम, रविवारी नातू परत विचारणार. 'आय हॅव' म्हणून बसलोय. आता काय सांगू?"

मी म्हटलं, "'आय हॅवन्ट' म्हणा. आणि शेवटी 'येट' लावा. 'येट' म्हणजे अजून. अजून नाही, पण दार बंद केलेलं नाही."

काकांना शब्द आवडला. अंधाऱ्या जिन्यात एकेका पायरीला एकेक शब्द ठेवत ते उतरू लागले. "आय… हॅवन्ट… डन इट… येट." खालच्या पायरीवर काकू पिठाने पांढऱ्या झालेल्या चपला झटकून पायात घालत होत्या. पर्स काकांच्या हातात होती.

"येट म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे अजून केलं नाही. करणार."

"कधी?" काकू म्हणाल्या.