हवा काढणारे काका

नव्या घरी गेल्यावर माणसं देवघर पाहतात, टीव्हीचा आकार पाहतात. काका थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि डब्यांची झाकणं उघडतात. "वहिनी, यात अर्धी हवाच आहे!" हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की वहिनींना आपण रवा साठवताना काहीतरी गैर केल्यासारखं वाटू लागतं.

सिल्वासात आणि रांध्यासारख्या आसपासच्या गावांत ही जात मुबलक आढळते. करसवलतींमुळे दादरा नगर हवेलीत प्लास्टिकचे आणि धाग्याचे कारखाने आले, त्यांच्यामागून जळगाव-धुळ्याकडची पोरं आली. त्यांतल्या काहींचं उभं आयुष्य रोल, पाउच आणि सीलिंगमध्येच गेलं. गावी परत जायचं जायचं म्हणता म्हणता रांध्यात घर बांधून झालं. निवृत्तीनंतर कुणी हार्मोनियम घेतं, कुणी अध्यात्म. काकांनी व्हॅक्यूम सीलर घेतला. कारखाना सुटला, पण शिफ्ट सुटली नाही. सकाळी नऊला ओट्यावर उत्पादन सुरू होतं आणि काकूंना पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटाव्या लागतात.

सुरुवातीचा काळ कठीण गेला. पातळ पोह्यांचा चिवडा पाकिटातून शेंगदाणे जडवलेली वीट होऊन निघाला. खानदेशातून आलेल्या बिबड्यांचा भुगा झाला. दमणचे सुके बोंबील शांतपणे आत बसले आणि रात्रीतून पाकिटाला भोक पाडून घरभर दरवळले. काकांनी मग बोंबलांच्या टोकांना कागद गुंडाळला आणि वर दुसरं पाकीट चढवलं. बिबड्या आणि चिवडा मात्र सन्मानाने डब्यात परतले. हवेचाही काही उपयोग असतो, हे काकांनी मान्य केलं, तेवढं एकदाच.

काकांची थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीलिंगमध्ये त्यांचा हात कुणी धरणार नाही. कुणी तक्रार घेऊन आलं, "काका, मशीन नुसतं घुरघुरतं, हवा काही जात नाही," की ते मशीनकडे बघतही नाहीत. "पाउच आतून खरखरीत की गुळगुळीत?" गुळगुळीत असेल तर निदान तिथेच संपलं. घरगुती मशीन हवा पाकिटाच्या तोंडातून ओढतं. आत नक्षी नसेल तर दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि हवेला वाटच राहत नाही. पाकीट खरखरीत निघालं, तर झाकणाच्या रबरी पट्टीवरून बोट फिरतं. तिथे पिठाचा कण किंवा एखादा केस सापडतो आणि तो काका पुरावा म्हणून मालकाला दाखवतात.

दुसरी तक्रार जास्त नाजूक. सील होतं, पण सकाळी पाकीट सैल. यात गुन्हेगार बहुधा कडेला असतो: तेलाचा थेंब, मसाल्याची पूड नाहीतर बारीकशी सुरकुती. म्हणून काकांचा नियम असा, की पाकिटाचं तोंड बाहेर दुमडून माल भरायचा, वर चार बोटं जागा सोडायची, कड कोरडी पुसायची आणि दोन्ही हातांनी ताणून धरायची. पीठ असेल तर वर पातळ कागद ठेवायचा, म्हणजे ते हवेबरोबर मशीनमध्ये जात नाही. रस्सा आधी भांड्यात गोठवायचा आणि त्याचा खडा सील करायचा. लागोपाठ पाकिटं काढली की तापलेली पट्टी प्लास्टिकच वितळवते, म्हणून मध्ये मशीनला चहाची सुट्टी. शेवटी बादलीत पाकीट बुडवून दाबतात. बुडबुडा आला की काका घोषणा करतात, "माल रिजेक्ट!" आणि रिजेक्ट माल काकू रात्री जेवायला वाढतात.

खरी ठिणगी पडली भरितावरून. बंगळुरूच्या लेकीसाठी काकांनी हिरव्या वांग्याचं भरीत केलं. वांगी भाजली, बडगीत कुटली, कच्चा लसूण घातला, वरून तेल सोडलं आणि सील असं मारलं की बुडबुड्याचं नाव नाही. मग पाकिटं ऐटीत फडताळात मांडली. "सहा महिने हात लावायला नको!"

नेमकी त्याच दिवशी अन्नतंत्रज्ञान शिकणारी भाची मुक्कामाला आली. पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "मामा, सील फर्स्ट क्लास आहे. म्हणूनच भीती वाटते."

काकांनी लगेच लष्कर पुढे केलं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी पाउचमधलं तयार जेवण केलंच ना? ते फ्रीजविना टिकतं ना? भाची म्हणाली, टिकतं. कारण ते पाकीट सील झाल्यावर दाबाखाली साधारण 121 अंशांपर्यंत तापवतात, कुठल्या पदार्थाला किती वेळ हे चाचण्यांनी ठरवतात आणि पाकीटही त्यासाठीच बनवलेलं असतं. नुसती हवा काढल्याने जंतू मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला तर हवा नसलेलीच जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळण्याला दाद देत नाहीत, आणि आंबटपणा नसलेल्या ओलसर, तेलकट पदार्थात, खोलीच्या उबेत ते रुजतात आणि त्यांतून वाढलेले जंतू विष तयार करतात. त्या विषाला चव नाही, वास नाही. ते श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे करू शकतं.

"वास नाही?" काकू दचकल्या. आजवर घरातलं क्वालिटी कंट्रोल त्यांच्या नाकावरच चालत आलं होतं.

काका डगमगले नाहीत, पण गप्प झाले. जंतू हा विषय त्यांना डॉक्टरांचा वाटायचा. 121 अंश हा मात्र प्रोसेसचा आकडा होता आणि आकड्यापुढे ते नेहमीच नमतात. त्यांनी स्वतःच्या हाताने भरिताचा अख्खा लॉट रिजेक्ट केला. या वेळी तो जेवायलाही वाढला गेला नाही.

माणूस सुधारला असं मात्र समजू नका. आता काकांच्या हातात थर्मामीटर आहे. कुणाकडे गेले की टेकायच्या आत ते त्या घरच्या फ्रीजचं तापमान घेतात आणि चार अंशांच्या वर काटा दिसला की मान हलवतात. नागली, डाळी, सुके बोंबील फडताळात. शिजवलेलं सगळं लगेच गार करून फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर. कच्चा लसूण आणि अळंबी सीलबंद करायचीच नाहीत. फ्लॉवर आधी उकळत्या पाण्यातून काढायचा, नाहीतर तो फ्रीजरमध्ये रंग आणि चव घालवतो. प्रत्येक पाकिटावर तारीख, बॅच नंबर आणि काकांची सही. गोठवलेली मासळी वितळायला ठेवताना पाकीट आधी फोडलं नाही म्हणून काकूंना एकदा तोंडी समज मिळाली. काकूंनी उत्तरादाखल सीलर माळ्यावर टाकला. तो दोन दिवसांत खाली आला, कारण बोंबील संपत नव्हते.

तुमच्या ओळखीतही असे एक काका असतीलच. त्यांच्याकडून आलेलं पाकीट कौतुकाने घ्या, आत काय आहे ते विचारा आणि शिजवलेलं असेल तर थेट फ्रीजरमध्ये टाका. शिजवलेल्या पदार्थाचं पाकीट बाहेर राहिलं असेल किंवा फुगलं असेल, तर चाखून बघू नका, टाकून द्या. काकांना मात्र फोनवर एवढंच सांगा, की सील उत्तम होतं.