ब्रूनोचे बाबा

कर्नाळ्याला येणारी माणसं ओळखायची तर त्यांच्या मानेकडे बघावं. पक्षीनिरीक्षकाची मान कायम वर. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी दिसावी म्हणून तो तीनदा ठेचकाळेल, पण मान खाली घालणार नाही. किल्ला चढणाऱ्याची मान समोर, कारण वरच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात आणि त्यांच्याशी नीट वागावं लागतं. ब्रूनोच्या बाबांची मान मात्र खाली. वाळलेल्या गवताचे तुरे ब्रूनोच्या छातीला जिथं लागतात, तिथंच त्यांची नजर. कित्येक उन्हाळे ते रविवारी या डोंगराच्या पायथ्याशी येतात, पण तो अंगठ्यासारखा सुळका त्यांनी एकदा तरी नीट पाहिला असेल का, याची मला शंकाच आहे.

बाबांना स्वतःचं नाव आहे, ते लेटरबॉक्सवर लिहिलेलंही आहे. पण खारघर, कामोठे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या कुत्रेवाल्या मंडळींत माणूस कुत्र्यावरून ओळखला जातो. ‘कोकोच्या मम्मीला बरं नाही’ असं कळलं की माणसांचा डॉक्टर सुचवायचा की जनावरांचा, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

ब्रूनो गोल्डन रिट्रीव्हर आहे. या जातीची पहिली वीण १८६८ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, पुढं लॉर्ड झालेल्या एका गृहस्थाच्या इस्टेटीवर जन्मली. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य झालं १९६८ साली. मधली शंभर वर्षं बाबांना फार शुभ वाटतात. वनखात्याला तसं वाटत नाही. शिकारीत पडलेले पक्षी तोंडात धरून आणावेत म्हणून ज्या जातीला घडवलं, तिला पक्ष्यांच्या अभयारण्यात मोकळं सोडावं हा आग्रहच अजब. आणि पाळीव कुत्र्यांना तिथं मुळातच मज्जाव आहे, मग ते कुठल्याही लॉर्डच्या घरचे असोत. तरी पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी फाटकावर हुज्जत घातली होती.

“हा भुंकत नाही हो.”

“पक्ष्यांना ते कुठं माहीत आहे, साहेब?” रखवालदार म्हणाला.

तेव्हापासून फिरणं अभयारण्याबाहेर, शिरढोणच्या बाजूच्या शेतांतून. शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ साली ते इथं जन्मले आणि पुढं इंग्रज सरकारची झोप उडवली. बाबांना या गावची खूण विचारा. ते सांगतील, “फाट्यावरून आत आलात की डाव्या बांधाला कुसळ जास्त.”

कुसळ हा बाबांच्या आयुष्याचा विषय आहे. इतरांच्या घरी पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात, बाबा कुसळ दाखवतात. औषधाच्या बाटलीत जपून ठेवलेलं कुसळी गवताचं एक वाळकं बी चिमट्यानं काढतात, जेवणाच्या टेबलावर ठेवतात आणि त्याच्या लांब काळ्या शेपटावर पाण्याचा थेंब सोडतात. पीळ बसलेलं ते शेपूट हळूहळू उलगडायला लागतं. उलगडताना अख्खं बी गोल फिरतं. मेलेलं, सुकलेलं, टेबलावर आपोआप फिरणारं! पाहुणे हातातला चमचा खाली ठेवतात. “आता वाळलं की परत पिळेल,” बाबा म्हणतात. “रात्रीच्या दवात सुटायचं, दुपारच्या उन्हात पिळायचं. असं करत करत ते स्वतःला जमिनीत पेरतं. टोक सुईसारखं आणि टोकामागचे केस उलटे, त्यामुळे पुढं जातं, मागं येत नाही.” मग एक दीर्घ विराम. “पण त्याला जमीन आणि ब्रूनो यांतला फरक कळत नाही.”

इथं हसू आवरावं लागतं, कारण माणूस बरोबर बोलतो आहे. आणि हे वेड त्यांना उगीच लागलेलं नाही. एका चैत्रात ब्रूनो पुढचा उजवा पंजा सारखा चाटायला लागला. दोन बोटांच्या बेचक्यात टपोरी गाठ आली, तिला सुईच्या अग्राएवढं भोक, त्यातून पाणी. क्ष-किरणाच्या फोटोत काहीच नाही, कारण गवताची काडी त्यात सहसा दिसतच नाही. शेवटी भूल देऊन, लांब तोंडाच्या चिमट्यानं कुसळ निघालं, ते भोकापासून चांगलं दोन बोटं वर. परळच्या बैलघोडा दवाखान्यात १८८० च्या दशकापासून जनावरं येताहेत. तिथं एवढ्या वर्षांत कुसळापायी किती कुत्री आली असतील, याचा हिशेब बाबांनी मनातल्या मनात मांडलेला आहे. म्हणीतलं कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असतं. बाबांचं त्या दिवसापासून जागोजाग असतं.

आता ब्रूनोनं मान एकदा झटकली की ते कानात. ओळीनं चार शिंका दिल्या की नाकपुडीत. एक डोळा बारीक केला की पापणीखाली. ब्रूनोला साधी शिंक देण्याची मुभा या घरात राहिलेली नाही. लोंबत्या कानांच्या आणि झुपकेदार पंज्यांच्या कुत्र्यांना हा धोका जास्त. म्हणून होळी झाली की ब्रूनोच्या बोटांमधले आणि कानांखालचे केस बारीक कापले जातात. त्यासाठी बाबांचा दाढीचा ट्रिमर वापरतात. बाबा मग दाढी वाढवतात.

फिरायला निघणं म्हणजे मोहीमच. पहाटे साडेपाचला गाडी निघते, कारण आठनंतर डांबर तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून ते बघतात. ती चटकली तर पंजेही चटकणार, हा त्यांचा नियम योग्यच आहे. फक्त हायवेच्या कडेला उकिडवा बसून रस्त्यावर हात ठेवणारा सुशिक्षित माणूस दिसला की ट्रकवाले वेग कमी करतात आणि काही पडलं का म्हणून विचारतात. ब्रूनोच्या चारही पायांत बूट, डोक्यावर बारीक जाळीची टोपी. त्या जाळीतून तो जगाकडे मधमाश्या पाळणाऱ्याच्या मुद्रेनं बघतो.

मी एकदा सोबत गेलो. जाताना मला आदरानं पुढच्या सीटवर बसवलं. येताना मात्र माझी पायरी कळली. “मोजे काढा. पँट दुमडा. नाही, गाडीबाहेर!” माणसं आपल्या मोज्यांतून कुसळं गाडीत आणतात, ती सीटवर गळतात आणि मग तिथं ब्रूनो झोपतो. बाबांच्या लेखी मनुष्यप्राणी हा मुख्यतः कुसळाचा वाहक. माझे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिकीत गेले. ब्रूनो पुढच्या सीटवर आला.

वाटेत गावातला काळ्या भेटतो. अंगावर आखूड केस, कान ताठ, मालक सगळं गाव. काळ्या त्याच बांधावरच्या त्याच गवतात नखशिखांत लोळतो, उठतो, एकदा अंग झटकतो आणि चालू लागतो. बाबा त्याच्याकडे जळक्या नजरेनं बघतात. एकदा त्यांनी काळ्याचेही कान तपासायचा प्रयत्न केला. कुसळ सापडलं नाही, गोचीड सापडली. ती काढू दिल्यावर काळ्या त्यांच्यामागून गाडीपर्यंत आला. बाबांनी ब्रूनोसाठी आणलेली बिस्किटं त्याला घातली आणि हे घरी सांगू नका म्हणाले.

त्या दिवशी परतताना हायवेलगत एक म्हातारी ताडगोळे आणि करवंदं घेऊन बसली होती. लुगड्याच्या काठाला रांगेनं कुसळं. बोलता बोलता एकेक उपटून ती बाजूला टाकत होती. ब्रूनोला बघून तिनं हात थांबवला.

“कंच्या शालंन जातंय यो?”

बाबांनी बुटांचं शास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काढ बघू.” बाबांनी डावा बूट काढला. वरच्या कडेतून एक कुसळ आत शिरलं होतं आणि बुटानं ते आतल्या आत घट्ट धरून ठेवलं होतं, टोक कातडीकडे. वेळेत सापडलं, एवढंच. बाबा पांढरे पडले. म्हातारीनं ते दोन नखांत धरून उपटलं आणि लुगड्यावरच्या कुसळांच्या ढिगात टाकलं.

थोड्या वेळानं बाबांना कंठ फुटला. त्यांनी विचारलं की ते दर रविवारी फिरतात त्या बांधावरचं गवत ती कापून देईल का. म्हातारी हसली. “आता कापून काय? कुसल सगला परला. गवत हिरवा हाय तवाच कापाचा, दसऱ्याचे आंदी.” हेही शास्त्रच. फुलोऱ्याआधी कापलं तर कुसळ धरतच नाही आणि ओला चारा गुरं आवडीनं खातात. उशीर केला तर गुरांच्याही तोंडाला टोचतं.

तिनं मजुरी सांगितली. नुकतेच ताडगोळ्यांसाठी दहा रुपयांवरून घासाघीस करून दमलेले बाबा एका शब्दानं भांडले नाहीत.

“पन गवत माजे म्हशीला,” ती म्हणाली.

“घ्या की, सगळं घ्या.”

बाबांनी इसार म्हणून शंभराची नोट दिली. तिनं ती कनवटीला लावली आणि ब्रूनोच्या टोपीकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं.

“दसऱ्याचे आंदी ये. कुत्र्याला घरा ठेव. माजी म्हैस बुजते.”

बाबांनी फोन काढला आणि तारीख टाकली. खाली तेही लिहून घेतलं.