राहूचा बायोडाटा

मुलाची नोकरी अडली की पत्रिकेत राहू सापडतो आणि कुटुंब तमिळनाडूतलं राहूचं स्थान, तिरुनागेश्वरम्, गाठतं. राहुकाळात मूर्तीवर दूध ओततात. ते निळं होतं म्हणे. अर्ज पोहोचल्याची इतकी रोखठोक पोच कुठलीही कंपनी देत नाही.

करिअर-सल्लागारांनी मात्र थोडं पुढे कुंभकोणमला जावं. ‘अष्टपैलू व्हा’ हे तिथल्या सरकारी कॉलेजनं रामानुजनला सांगून पाहिलं : गणित सोडून बाकी विषयांत नापास, म्हणून शिष्यवृत्ती बंद. 1912 मध्ये त्याला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली, महिना 30 रुपयांवर. आज ‘पदवी : नाही’ वाचून संगणकानंच अर्ज केराच्या टोपलीत टाकला असता.

कुंभकोणमचेच सर टी. माधवराव, तंजावरी मराठी. तेही आधी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत खर्डेघाशी करत होते. पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. वडील आणि काका दोघेही त्रावणकोरची दिवाणगिरी करून गेले होते, हा तपशील ‘नेटवर्किंग’च्या धड्यात घालायला हरकत नाही. ज्यांचे काका दिवाण नाहीत, त्यांनी दुधाची पिशवी घेऊन निघावं. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो.