कंबरेतली साखर

कंबर धरून बसलेल्या माणसासाठी बाजारात सध्या तीन सुया आहेत. एकीत साखर, दुसरीत त्याचंच रक्त, तिसरीत पेशी. आडनाव तिघींचं एकच, 'रिजनरेटिव्ह', म्हणजे पुनर्निर्माण करणारी. साखर त्यातल्या त्यात स्वस्त, रक्त महाग, पेशींचा आकडा ऐकला की उभ्या माणसाची कंबर बसते. पुराव्याची रांग मात्र उलटी लागते. सगळ्यात स्वस्त सुई सगळ्यात जास्त तपासून झाली आहे, आणि सगळ्यात महाग सुईबद्दल मुख्यतः माहितीपत्रकच बोलतं.

साखरेपासून सुरू करू. अमेरिकेत ओहायोमधल्या जॉर्ज हॅकेट नावाच्या सर्जननं १९५६ साली पुस्तक लिहून 'प्रोलोथेरपी' जगापुढे मांडली. सांध्याचे बंध सैल झाले म्हणून दुखतं. तिथे चुरचुरणारं औषध टोचा, सूज येऊ द्या, मग शरीर दुरुस्तीला धावेल आणि बंध घट्ट होतील, असा हिशेब. पुढे या सुईत मुख्यतः डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच, भरली जाऊ लागली. बिब्याचा चटका देणाऱ्या आजीचं शास्त्र याहून फार वेगळं नव्हतं. फक्त तिच्याकडे सुई कुठे चालली ते दाखवणारं सी-आर्म एक्स-रे मशीन नव्हतं आणि ती सिटिंगचं पॅकेज करत नसे. तिच्याही आधी निखळणाऱ्या खांद्याला तापल्या लोखंडाचे डाग द्यायला सांगणारा हिपोक्रॅटिस होताच.

तंबाखू कंपन्यांना घाम फोडणारे अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप या इंजेक्शनांचे जाहीर चाहते होते. तरीही १९९९ साली तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं यासाठी पैसे मोजायला नकार दिला. वशिला मोठा होता, पुरावा नव्हता.

मग २००४ साली ऑस्ट्रेलियात ११० जुनाट कंबरदुखीवाल्यांवर चाचणी झाली. काहींना साखरेचं पाणी, काहींना साधं मिठाचं पाणी. वर्षानंतर ज्यांचं दुखणं निम्म्याहून कमी झालं असे साखरवाले निघाले ४६ टक्के आणि मीठवाले ३६. फरक इतका किरकोळ की संख्याशास्त्राच्या लेखी तो नाहीच. म्हणजे मिठाचं पाणी टोचून घेतलेल्या दर तिघांत निदान एक जण खुशीत घरी गेला! व्यायामवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्याच चाचणीत व्यायाम करणारे आणि नेहमीसारखे वावरणारे यांच्यातही फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. सगळी कंबरदुखी एका जातीची नसते. माकडहाडाच्या वर, पाठीला खळी पडते तिथे, कण्याचा तळ आणि कटीचं हाड जोडणारा सॅक्रोइलियक सांधा असतो. नेमकं याचंच दुखणं असलेले रुग्ण निवडले की आकडे एकदम बाळसं धरतात. दक्षिण कोरियात २०१० साली साखर विरुद्ध स्टिरॉइड असा सामना झाला. पंधरा महिन्यांनी निम्मा तरी आराम टिकलेले साखरेकडे ५८.७ टक्के, स्टिरॉइडकडे १०.२. चंदीगडच्या पीजीआयमध्ये ४० रुग्णांवर पीआरपी (दुसऱ्या सुईतला, रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटनं भरलेला द्रव) आणि स्टिरॉइड यांची तुलना झाली, २०१७ साली ती छापून आली. तीन महिन्यांनी पीआरपीचा गुण टिकला ९० टक्क्यांत, स्टिरॉइडचा २५ टक्क्यांत.

टाळ्या वाजवण्याआधी समोरचा पैलवान बघा. स्टिरॉइडचा जोर काही आठवड्यांत ओसरतो हे गल्लीतला कंपाउंडरही सांगेल. त्याला पंधरा महिन्यांच्या कुस्तीत उतरवायचं आणि आपला गडी जिंकला म्हणून गुलाल उधळायचा. मिठाचं पाणी या दोन्ही आखाड्यांत नव्हतंच. ऑस्ट्रेलियात त्यानं काय केलं ते आठवत असावं कुणाला तरी.

आणि दुखणं याच सांध्याचं, हे ठरवायचं कसं? एमआरआय पाहून 'मणक्यात गॅप आहे' असं सांगायला अर्धा मिनिट पुरतो, पण सांध्याचं दुखणं फोटोत दिसत नाही. रुग्णानं एका बोटानं खळीजवळची नेमकी जागा दाखवली तर संशय घ्यायचा, हातानं दाबून-ताणून चाचण्या करायच्या, मग मशीनखाली बघत सांध्यात भूल टोचायची. तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं तर चोर सापडला असण्याची शक्यता बरीच. या सुईत पुनर्निर्माण वगैरे काही नाही, असते ती नुसती भूल. म्हणूनच तिचं होर्डिंग कुठे लागत नाही.

पीआरपीचा थाट बघण्यासारखा असतो. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. नळी बाहेर येते तेव्हा खाली गडद लाल, वर पिवळं पाणी, मध्ये पांढुरका पापुद्रा. रुग्ण बघतच राहतो: आपल्यात एवढं सोनं होतं! त्या पिवळ्यात प्लेटलेट किती पट असाव्यात याचं सर्वमान्य माप नाही. या क्लिनिकची पीआरपी आणि समोरच्या क्लिनिकची पीआरपी यांत नावापलीकडे साम्य असेलच असं नाही. किलोच्या मापात घोळ निघाला तर आपण भाजीवाल्याशी भांडतो. इथे मापच नाही, तर भांडणार कशावरून?

राहिल्या पेशी, म्हणजे स्टेम सेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर अजून प्रयोगच आहे. तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. कंबरेच्या पेशींचं रेटकार्ड हातात पडलं, तर यातलं कोणतं कलम मोडतंय ते काउंटरवर विचारायला हरकत नाही. नाहीतर विमा कंपनीला विचारा. एरवी एका कॉमासाठी क्लेम नाकारणाऱ्या या मंडळींच्या आधुनिक उपचारांच्या यादीत स्टेम सेल आहे, पण रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरती. विमा कंपनी आणि विज्ञान एका बाजूला उभे आहेत, असं दृश्य वारंवार दिसत नाही.