चिन्नोर लंगडतो

आमच्या घरात दोघं लंगडतात. पहिली माझी आई, म्हणजे घरादाराची आजी. तिचा उजवा गुडघा का दुखतो, कधीपासून दुखतो आणि सुनेनं कोणत्या दिवाळीला किती फरशी पुसायला लावली म्हणून जास्त दुखतो, हे अख्ख्या लालबर्ऱ्याला ठाऊक आहे. दुसरा चिन्नोर. तो काहीच सांगत नाही.

चिन्नोर हा गिनी पिग. लेकीच्या हट्टापायी गोंदियाहून आणला. पांढराशुभ्र, मऊ, म्हणून तिनं त्याला आमच्या जिल्ह्यातल्या सुवासिक तांदळाचं नाव दिलं. चिन्नोरला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून बालाघाटचा माणूस हे नाव छाती फुगवूनच घेतो. आई मात्र भडकली. "ज्याचा भात देवाला दाखवतो, त्याचं नाव घुशीला?" तिच्या लेखी तो आजही विलायती घूस आहे.

तसं तिचं फार चुकत नाही. हा प्राणी गिनी देशाचा नाही आणि डुक्कर तर अजिबातच नाही. आहे तो कुरतडणाऱ्यांच्या कुळातला, उंदराचा लांबचा भाऊबंद. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिकडे पेरू देशात लोक तो हजारो वर्षांपासून पाळतात आणि भाजून खातात. ही शेवटची माहिती मी जेवताना सांगितली. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी तो मागचा पाय उचलून चालायला लागला. नेहमी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडण्याची चाहूल लागली की शिटी फुंकल्यासारखा ओरडायचा, उड्या मारायचा. आता कोपऱ्यात अंग फुगवून बसला. उचलायला गेलो तर किंचाळला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. एकानं हळद-तेलाचा लेप सुचवला, दुसऱ्यानं मोहाच्या बियांचं तेल. नजर लागली हे निदान आईचं. तिनं मिरच्या ओवाळल्या, त्या जाळल्या, आणि खोकून खोकून आम्ही सगळेच चिन्नोरपेक्षा आजारी दिसू लागलो. शेजारचे काका दातदुखीतून उरलेली ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेऊन आले. "चिमूटभर द्या, जनावरच आहे." मी देणारही होतो. बायकोनं हात धरला, आणि तिनं हात धरला तो क्षण मला पुढे बराच काळ आठवणार होता.

बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्याला बालाघाटला नेलं. बसमध्ये शेजारी सोनेवानीच्या जंगलाकडचा एक गडी बसला होता. तिकडे वाघ आहेत. रस्त्यात वाघ आडवा आला तर आम्ही बिडी विझवून थांबतो, असं तो मला अगदी सहज सांगत होता. इतक्यात खोक्यातून शिटी आली. "काय हाय त्यात?" मी म्हटलं, गिनी पिग. त्यानं झाकणाच्या फटीतून पाहिलं, पाय वर घेतले आणि विचारलं, "चावते का जी?"

ढोरांच्या डॉक्टरांकडे माझ्या पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या. केसपेपर लिहिणारा माणूस भला होता, पण त्याच्यापुढे पेच होता. "पिग लिखूँ?" मी म्हटलं, पिग नाही. "तो चूहा?" चूहाही नाही. शेवटी त्यानं 'अन्य' लिहिलं. वजन नऊशे ग्रॅम भरलं. चारशे किलोच्या हिशेबानं सुई भरणाऱ्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

त्यांनी नखं पाहिली, तळवे पाहिले. पिंजऱ्याची जाळी टोचून तळव्याला जखम होते म्हणे, पण तसं काही नव्हतं. हाडही मोडलेलं नव्हतं. मागचे सांधे तेवढे सुजलेले. मी काकांच्या कॅप्सूलचं सांगितलं तसे ते खुर्चीत ताठ झाले. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं या प्राण्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग भलतेच माजतात आणि जनावर दगावतं. लंगडा दुरुस्त करायला निघालो होतो आणि मयताची तयारी करून ठेवली होती.

मग त्यांनी विचारलं, "खाने में क्या देते हैं?"

याचीच तर मी वाट पाहत होतो. मी विज्ञानाचा मास्तर आहे. हिरव्या पाल्यानं जुलाब होतात असं कुठंसं वाचल्यापासून मी सांभाराच्या काड्या, मुळ्याचा पाला असला गावठी कारभार बंद केला होता. त्याऐवजी सशाचं तयार खाद्य, मोजून, दिवसातून दोनदा. सशाचं अशासाठी, की ते स्वस्त पडतं. दहा किलोची गोणी घेतली तर आणखी स्वस्त. हे सगळं मी वहीत तक्ता आखून लिहिलं होतं. तक्ता दाखवला.

डॉक्टरांनी तक्ता मिटला. "सर, आप साइन्स पढ़ाते हैं ना? विटामिन सी की कमी से क्या होता है?"

गेली बावीस वर्षं हा प्रश्न मी विचारतो आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडतात. त्या दिवशी मी एकटाच होतो. हळूच म्हटलं, "स्कर्वी."

ससा आपलं क जीवनसत्त्व अंगातच बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालायची गरज नसते. उंदीर बनवतो, गाय बनवते, ती दारातली म्हैसही बनवते. माणसाला, माकडाला आणि या 'अन्य'ला मात्र ते बनवता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी भलत्याच रोगाच्या शोधात गिनी पिगांना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि त्यांना स्कर्वी झालेली दिसली. उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं. तोच प्रयोग मी शंभराहून जास्त वर्षांनी लालबर्ऱ्यात पुन्हा केला, तोही पदरचे पैसे घालून.

औषध म्हणून चघळायच्या पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीचा दहावा भाग रोज. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गोळीचे दहा सारखे भाग कसे करायचे हा गणिताचा प्रश्न मी अजून सोडवतोय. पाण्यात घालून चालत नाही, जीवनसत्त्वाचा कस उतरतो. शिवाय ताजा पाला पुन्हा सुरू, आणि जामाची फोड.

जाम म्हणजे पेरू. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, पण मी त्या दिवशी बाजारात मुद्दाम 'पेरू' म्हणून मागितला. भाजीवाली बघतच राहिली. पेरूच्या पाहुण्याला पेरू खाऊ घालायचा योग सारखा येत नाही. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या तीन-चार पट असतं. नागपूर इतकं जवळ असून हे कबूल करायला जिवावर येतं.

आठव्या दिवशी चिन्नोरनं चारही पाय टेकले. सांभाराची जुडी सुटल्याचा आवाज आला आणि तो ओरडला. आईनं हे सगळं पाहिलं, आणि आता सकाळी त्याची फोड कापली की ती स्वतःची बशीही पुढे करते. तिचा गुडघा होता तसाच आहे. दोष अर्थात जामाचा नाही, फरशीचा आहे.

एक विनंती. सशाच्या खाद्याची गोणी साडेसात किलो शिल्लक आहे, ताजी आहे, तोंड नीट बांधून ठेवलेली. लालबर्रा-वारासिवनीच्या बाजूला कुणाकडे ससा असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.