फोर-के यात्रेसाठी मेमरी कार्ड कसे निवडावे (गंगापूर तालुका आवृत्ती)

लागणारे साहित्य: फोर-के चित्रण करणारा एक कॅमेरा, तो नसल्यास भाच्याचा मोबाइल. एक मोटारसायकल. टाकीवर बांधायची पिशवी. सतत "चल ना लवकर" म्हणणारा एक सोबती. आणि एक मेमरी कार्ड.

पहिल्या चार गोष्टींवर घरात महिनाभर चर्चा होते, हप्ते बांधले जातात, कॅमेऱ्याला हळदकुंकू लागतं. पाचवी गोष्ट मात्र निघण्याच्या आदल्या रात्री, दुकानाचं शटर अर्धं खाली आल्यावर घ्यायची असते. हे मार्गदर्शन त्या अर्ध्या शटरखाली वाकून उभ्या असलेल्यांसाठी आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपलं गंगापूर म्हणजे वाळूज ओलांडून पुढे येतं ते, संभाजीनगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गंगापूर धरण नाशिकला आहे आणि दत्ताचं गाणगापूर कर्नाटकात. मोबाइलच्या नकाशावर विसंबून भलतीकडे पोचलेल्यांनीही पुढचं वाचायला हरकत नाही, कार्ड सगळीकडे सारखंच भरतं.

पायरी पहिली: दुकानात शिरणे

शिरताच "भाऊ, एक कार्ड द्या" असं म्हणावं. दुकानदार विचारेल, "किती जीबीचं?" इथेच नवशिक्या अडकतो, कारण प्रश्नच चुकीचा आहे. तरी आपण छाती काढून "मोठ्यातलं" म्हणावं. मग तो काचेखालून एक पाकीट काढून "ओरिजिनल आहे" असं न विचारता सांगेल. न विचारता सांगितलेल्या या शब्दाकडे आपण पुढे परत वळणार आहोत.

योग्य पद्धत म्हणाल तर ती दुकानाच्या बाहेरच सुरू होते. आधी ठरवायचं काय टिपायचं ते, मग कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन तो सेकंदाला किती माहिती ओतणार ते बघायचं, आणि कार्ड शेवटी. आपण नेमकं उलट करतो. आधी एक टीबीचं कार्ड घेतो, मग त्यात भरायला काहीतरी हवं म्हणून सहलीला निघतो.

पायरी दुसरी: कार्डावरचं बारीक वाचणे

चष्मा लावा. नखाएवढ्या, म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटरच्या त्या तुकड्यावर कुठल्याही लग्नपत्रिकेपेक्षा जास्त मजकूर छापलेला असतो.

सगळ्यात मोठा आकडा जीबीचा. १२८ चं कार्ड संगणकात घातलं की ११९ दिसतं. लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढीच ती चोरी.

दुसरा मोठा आकडा २०० किंवा १७०, पुढे "मेगाबाइट प्रति सेकंद", आणि शेजारी मुंगीच्या पावलाएवढं "अप टू". हा वाचनाचा वेग आहे. घरी परतल्यावर व्हिडिओ संगणकात उतरवताना तो कामाला येतो. नदीकाठी चित्रण करताना त्याचा उपयोग पाकीट छान दिसण्यापुरता. त्यातही यूएचएस-वन या जातीच्या कार्डाची ठरलेली कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. त्यापुढचा आकडा कंपनीच्याच खास रीडरमध्ये घातल्यावर दिसतो, आणि तो रीडर वेगळा विकत मिळतो.

आता सगळ्यात लहान अक्षरांत जे आहे ते बघा. इंग्रजी व्ही आणि पुढे ३०, ६० किंवा ९०. आपलं काम याच्याशी. व्ही३० म्हणजे काहीही झालं तरी सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहून घेण्याची हमी. यू या अक्षराच्या पोटात ३ असेल तर तोही तेवढाच. सी च्या पोटात १० म्हणजे किमान दहा. ए१, ए२ या खुणा मोबाइलमध्ये ॲप चालवणाऱ्यांसाठी. चित्रण करणाऱ्याने त्या पाहून फक्त मान डोलवावी.

सीएफएक्सप्रेस नावाचं एक जाडजूड कार्डही असतं. ज्यांच्या कॅमेऱ्याला ते लागतं, त्यांनी जमिनीचा तुकडा आधीच विकलेला असतो. त्यांना आपण काय शिकवणार?

पायरी तिसरी: आवक आणि विसर्ग

मराठवाड्यातल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. पावसाळा लागला की नांदूर मधमेश्वरमधून किती क्युसेक सुटलं, जायकवाडीच्या नाथसागरात आवक किती, विसर्ग किती, हे टपरीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. कॅमेऱ्यातही तेच चालतं. भिंगातून माहितीची आवक सुरू असते, कार्डाकडे विसर्ग होतो, आणि मधली साठवण जेमतेम काही सेकंदांची. आवक विसर्गापेक्षा जास्त झाली की साठवण भरते आणि कॅमेरा थांबतो. स्वस्त कार्ड यात फसवतं, कारण पहिल्या काही क्षणांत ते जोरात लिहितं आणि मग दमतं. दुकानात दहा सेकंद चालवून "चालतंय की" म्हणणाऱ्याला ते कळत नाही.

आवक मोजताना एक गफलत ठरलेली. कॅमेऱ्याच्या मेनूत आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डावर मेगाबाइटमध्ये. आठने भागा. फोर-केचं चित्रण १०० मेगाबिटने होत असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आले, तासाला ४५ जीबी. त्याला व्ही३० पोटभर पुरतं, १२८ च्या कार्डावर पावणेतीन तासांचं काम होतं. त्यासाठी व्ही९० घेणाऱ्याने ते घ्यावंच, दुकानदाराच्याही घरी लेकरंबाळं आहेत. कॅमेरा ४०० मेगाबिटने लिहीत असेल तर मात्र सेकंदाला ५० मेगाबाइट झाले. तिथे व्ही३० गुडघे टेकतं, व्ही६० लागतं, आणि तेच १२८ पाऊण तासाच्या आत भरतं. अशा कार्डांच्या मागे पिनांची दुसरी ओळ असते. कॅमेऱ्याच्या खाचेत त्या दुसऱ्या ओळीची सोय नसेल तर महागातलं कार्डही पहिल्या ओळीच्याच वेगाने चालतं.

मग १०० कधी आणि ४०० कधी? याचं उत्तर कार्डाच्या पाकिटावर नाही, ते आपल्या तालुक्याच्या आसपास पसरलेलं आहे.

वेरूळला जा. सोळा क्रमांकाचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरलं गेलं आणि तेव्हापासून जागचं हललेलं नाही. व्हिडिओ दाबून साठवताना कॅमेरा प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीहून काय बदललं तेवढंच मुख्यतः लिहितो. कैलासात बदलतात फक्त सेल्फी काढणारे. १०० मेगाबिट भरपूर झाले. आतल्या अंधाऱ्या दालनांत मात्र कॅमेरा उजेड ओढून ओढून चित्रावर बारीक दाणे आणतो. ते दाणे दर चौकटीला जागा बदलतात, आणि स्थिर दगडसुद्धा कॅमेऱ्याला वळवळताना दिसतो. तिथे बिटरेट, म्हणजे मेनूतला तो मेगाबिटचा आकडा, थोडा चढवावा. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी कोणतंही कार्ड चालत नाही.

कायगाव टोक्याला गोदावरीला प्रवरा मिळते. जायकवाडी धरणाचा फुगवटा तिथवर येतो. हिवाळ्यात नाथसागराच्या काठाला रोहित पक्षी उतरतात. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मधलं, तेव्हा पाहुणे मुरलेले आहेत. त्यांचं उडणं संथ गतीत दाखवायचं तर सेकंदाला १२० चौकटी घ्याव्या लागतात आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत तिथे आवक एकदम वाढते. मेनूतला आकडा नदीवर पोचल्यावर पाहू नये, घरी पाहावा. ड्रोन उडवू नये. तो उडाला की पक्षी उठतात, आणि मग रिकाम्या पाण्याचं उत्तम फोर-के चित्रण मिळतं.

आणि सगळ्यात अवघड विषय पैठणला. जायकवाडीच्या २७ दरवाज्यांतून विसर्ग सुरू झाला की पंचक्रोशीतला प्रत्येक मोबाइल तिकडे वळतो. त्या फेसाळत्या पाण्यात एकही थेंब आधीच्या जागी राहत नाही. म्हणजे आधीच्या चौकटीतलं काहीही उसनं घेता येत नाही. कमी बिटरेटवर तो धबधबा घरी मोठ्या पडद्यावर चौकोनी चौकोनी दिसतो आणि आपण दोष देतो कार्डाला. बिचाऱ्या कार्डाने जे आलं ते इमानाने लिहिलेलं असतं. बिटरेट वाढवा, आणि तो वाढवलात तरच व्ही६० घ्या. इथे पैसे घालवायला माझी हरकत नाही.

"ओरिजिनल" विषयी

फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली. सॅनडिस्क १९८८ मध्ये तिघांनी काढली, त्यांतले एक संजय मेहरोत्रा मूळचे कानपूरचे. यांपैकी कोणाचाही आठवडी बाजारात किंवा फेरीवाल्याकडे मिळणाऱ्या एक टीबीच्या स्वस्त कार्डाशी संबंध नसतो. त्या कार्डात खरी जागा ३२ जीबी असू शकते. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ती कॅमेऱ्याला सांगते "मी हजार जीबीची आहे", आणि ३२ भरले की आधीच्यावरच गिरवत सुटते किंवा नुसतं लिहिल्याचं नाटक करते. कॅमेऱ्याला काही कळत नाही, तो लाल दिवा लावून आनंदात असतो. लग्नाच्या शूटिंगमध्ये असं कार्ड घातलं तर पाठवणी नीट येते आणि हळद गायब होते.

उपाय फुकट आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. हे प्रोग्राम कार्ड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि परत वाचून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. म्हणूनच आदल्या रात्री अर्ध्या शटरखाली कार्ड घ्यायचं नसतं.

किती घ्यावीत

५१२ चं एक की १२८ ची चार, यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. एकवाले म्हणतात, सारखं काढायला-घालायला नको. चारवाले म्हणतात, एक हरवलं तरी तीन उरतात. दोघंही बरोबर आहेत, आणि एक मिलिमीटर जाडीचा तुकडा कायगावच्या वाळूत पडला की दोघंही गुडघ्यांवर येतात. माझ्या मते प्रवासाला दोन किंवा तीन पुरेत. ठेवायला तपकिरीची डबी नको, सुट्या पैशांचा खिसा नको, कार्डासोबत मिळालेली प्लास्टिकची डबीच हवी. तीच आपण पाकीट फोडताना फेकून देतो. भरलेलं कार्ड पालथं ठेवावं. एवढ्याने सोबत्याला कळतं की त्यात आता काही लिहायचं नाही. मोठ्या एसडी कार्डाला बाजूला कुलपाची बारीक खुंटीही असते. "कार्डच खराब निघालं" म्हणून परत आणलेल्या कार्डाची ही खुंटी आधी पाहावी.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावं, संगणकात नव्हे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट३२ पद्धतीची असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. १०० मेगाबिटला दर पाच-सहा मिनिटांनी तुकडा पडतो. नाथषष्ठीच्या कीर्तनाचे असे दहा-बारा तुकडे झालेले पाहून घाबरू नये, बुवांनी मध्ये श्वास घेतलेला नसतो. चुकून काही पुसलं गेलं तर त्या कार्डावर पुढे एक फोटोसुद्धा काढू नये, फोटोरेकसारख्या प्रोग्रामने बरंच परत मिळतं.

मे महिन्यात कॅमेरा भर उन्हात बंद पडला तर कार्डाला शिव्या घालू नयेत. चांगली कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतात, आधी तापतो कॅमेरा. त्याला सावलीत ठेवावं. स्वतःही बसावं.

शेवटची पायरी: दाखवणे

परतल्यावर सगळं दोन ठिकाणी उतरवावं, उघडून पाहावं, मगच कार्ड रिकामं करावं. मग रोहित पक्ष्यांचा तो व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. व्हॉट्सॲप त्याला असा दाबून बसवतं की रोहित आणि बगळा यांतला फरक फक्त आपल्याला कळतो. हे टाळायचं तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. दहा मिनिटांनी मामांचा फोन येईल, "उघडत नाही रे." त्यांच्या फोनमध्ये जागाच नसते. आतलं १६ जीबीचं कार्ड शुभ सकाळच्या फुलांनी काठोकाठ भरलेलं असतं. मामांना नवीन कार्ड घेऊन द्यावं. सी१० पुरे.